ज्वारीची वाट, जिराईतची वाट

धाराशिव जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, उमरगा तालुक्यात, मुरूम आहे. बेनितुरा नदी इथून पुढे कर्नाटकात शिरते आणि कलबुर्गी जिल्ह्यातला आळंद तालुकाही फार दूर नाही. मराठी आणि कन्नड इथे पिढ्यान् पिढ्या शेजारी नांदत आल्या आहेत. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे कचेरीत आधी फारसी आणि पुढे उर्दू चालत असे. अशा ठिकाणच्या एखाद्या शेताचा सातबारा हातात घेतला, की जमीन, जिराईत, खरीप, रब्बी, महसूल, तालुका, जिल्हा असे शब्द समोर येतात. यांतला 'जमीन' फारसी आहे; बाकीचे सारे मुळात अरबी, म्हणजे सेमिटिक भाषाकुळातले. त्याच शेताच्या बांधावर उभे राहून अवजारांची आणि कामांची नावे विचारली, तर नांगर, कुळव, तिफण, चाडे, पेरणी, कोळपणी, खुरपणी, मळणी, उफणणी, कणीस, कडबा, रास अशी यादी मिळते आणि तिच्यात अरबी शब्द एकही नसतो. शेतात डोलणारी ज्वारी मात्र आफ्रिकेतून आलेली आहे, पण तिचे नाव आफ्रिकेतले नाही. एकाच शेतात तीन इतिहास असे एकमेकांशेजारी उभे आहेत आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. या न जुळण्यातूनच या प्रकरणाचा मुद्दा निघतो. पीक आणि त्याच्याभोवतीचे शब्द एकाच वाटेने आले असे गृहीत धरता येत नाही. शब्दाची व्युत्पत्ती कोणाचा कोणाशी काय व्यवहार होता हे सांगते. शेती मुळात कोणी सुरू केली, याचा पुरावा म्हणून ती वापरायची असेल तर फार सावधपणे वापरावी लागते.

आधी ज्वारी घेऊ. मराठवाड्याच्या ताटातली भाकरी आपल्याला इतकी आपली वाटते, की तिचे धान्य परदेशी असेल अशी शंकाही येत नाही. पण रानटी ज्वारीचे माहेर आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेकडच्या गवताळ पट्ट्यात आहे. पूर्व सुदानातल्या बुताना भागात सापडलेल्या मातीच्या भांड्यांवर ज्वारीच्या भुशाचे ठसे उमटलेले आहेत. त्यांचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला आणि इ.स.पू. 3000 च्या आधीच तिथले लोक ज्वारीला माणसाळवू लागले होते, असे त्यातून दिसले. बाजरीचे माहेर आणखी पश्चिमेला आहे. मालीमधल्या तिलेम्सी खोऱ्यात इ.स.पू. 2500 च्या सुमाराची माणसाळलेली बाजरी सापडली आहे. नाचणी इथिओपिया आणि युगांडाच्या डोंगराळ प्रदेशातली. ही तिन्ही धान्ये इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकात भारतात पोचली असे सर्वसाधारणपणे मानले जाते. नेमक्या तारखांबद्दल पुरातत्त्वज्ञांत अजून वाद आहेत. आता त्या माहेरच्या भाषांत ज्वारीला काय म्हणतात ते पाहा. सुदानी अरबीत 'धुरा', इथिओपियातल्या अम्हारिकमध्ये 'माशिला', ओरोमोमध्ये 'मिशिंगा', पश्चिम आफ्रिकेतल्या हौसामध्ये 'दावा'. अरबी आणि अम्हारिक या सेमिटिक भाषा, ओरोमो कुशिटिक, हौसा चाडिक. आणि या तिन्ही शाखा आफ्रो-आशियाई नावाच्या एकाच मोठ्या भाषाकुळातल्या. मुरूमच्या शिवारात मराठीत 'ज्वारी' किंवा 'जोंधळा' म्हणतात, कन्नडमध्ये 'जोळ'. धान्य समुद्र ओलांडून आले, पण त्याच्या या नावांपैकी एकही इथे रुजले नाही.

इथे पहिला आक्षेप येतो. 'धुरा' आणि 'ज्वारी' यांचा आवाज काहीसा सारखा आहे. मग नावही तिथूनच आले नसेल कशावरून? आवाजातले साम्य हा भाषाशास्त्रात सर्वांत फसवा पुरावा असतो. दोन शब्दांचे नाते सिद्ध करायचे, तर ध्वनिबदलाचा नियम दाखवावा लागतो आणि तोच नियम इतर शब्दांनाही लागू पडावा लागतो. अरबीतला तो 'ध' मराठीत 'ज' होऊन आल्याची अशी मालिका इतक्या जुन्या काळासाठी दाखवता येत नाही. उलट संस्कृतातल्या सुरुवातीच्या 'य'चा प्राकृतात 'ज' होणे हा मराठीचा रोजचा नियम आहे. यात्रेची जत्रा झाली, योगीचा जोगी, युगाचे जुग आणि यवाचा जव. भाषाभ्यासक ज्वारीचे मूळ 'यवाकार', म्हणजे यवासारखी दिसणारी, या शब्दाकडे नेतात आणि जोंधळ्याचे नाते 'यवनाल'शी जोडतात. यव म्हणजे सातू. हा मार्ग पटण्याजोगा आहे, कारण दख्खनमध्ये सातूची शेती ज्वारीच्या आधीची आहे. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत सातू हेच प्रमुख धान्य होते. नवे धान्य आले तेव्हा लोकांनी त्याला ओळखीच्या धान्याच्या नात्याने नाव दिले. यावरून एक अंदाज बांधता येतो. ज्वारीचे दाणे आणणारे आणि पेरणारे यांच्यात एकमेकांची भाषा शिकण्याइतका सहवास घडला नसावा. बियाणे किनाऱ्यावर उतरले, हातोहात पुढे सरकले, आणि चार-सहा हात बदलेपर्यंत त्याचे मूळ नाव मागे पडले.

आता उलट दिशेने पाहू. खरीप आणि रब्बी हे शब्द अस्सल सेमिटिक आहेत. अरबीत 'खरीफ' म्हणजे शरद ऋतू आणि 'रबी' म्हणजे वसंत. खरीफच्या धातूचा संबंध फळे उतरवण्याशी आहे. हिब्रूत 'होरेफ' म्हणजे हिवाळा, आणि येमेनच्या प्राचीन सबाई शिलालेखांत 'खरफ' हा शब्द वर्षासाठीही वापरलेला दिसतो. एकच शब्द हवामानाप्रमाणे कसा सरकतो ते यातून कळते. ओमानमधल्या धोफारमध्ये आणि सुदानात आजही खरीफ म्हणजे पावसाळा. धोफारचा खरीफ तर आपल्याच नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा. पण मुरूममध्ये खरीप हा शब्द ज्या अर्थाने रुजला, तो अर्थ बारकाईने पाहण्यासारखा आहे. खरिपाचे पीक पेरले जाते जूनमध्ये आणि हाती येते शरदात. रब्बीचे पेरले जाते पावसाळ्याच्या अखेरीला आणि हाती येते वसंताच्या तोंडावर. दोन्ही हंगामांची नावे पेरणीवरून न पडता काढणीवरून पडली आहेत. शेतकऱ्याची स्वतःची कालगणना नक्षत्रांची आहे. मृगाचा पेरा, आर्द्रा, पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस आणि हस्ताच्या ओलीवर पेरायची शाळू ज्वारी, ही सारी भाषा पावसाकडे आणि पेरणीकडे डोळे लावून बसलेल्या माणसाची आहे. काढणीवरून वर्षाचे दोन भाग पाडण्याची गरज धान्यातला वाटा घेणाऱ्याला असते, कारण वसुली तेव्हाच होते. खरीप आणि रब्बी ही वसुलीच्या दोन हप्त्यांची नावे होती आणि ती पुढे शेताची झाली.

हीच गोष्ट 'जिराईत' या शब्दात आणखी स्पष्ट दिसते. सेमिटिक भाषांत पेरण्याचा धातू आहे ज-र-अ. अरबीत 'जरअ' म्हणजे पेरले, हिब्रूत 'झेरा' म्हणजे बी, मेसोपोटेमियाच्या अक्कादी भाषेत 'झेरू' म्हणजेही बी. 1908 मध्ये पॅलेस्टाइनमधल्या गेझेर इथे इ.स.पू. दहाव्या शतकातली चुनखडकाची एक छोटी पाटी सापडली. तिच्यावर वर्षाचे बारा महिने शेतीच्या कामांप्रमाणे वाटून दिले आहेत आणि पेरणीच्या महिन्यांसाठी हाच धातू वापरला आहे. अरबीत त्यापासून 'जिराअत' म्हणजे शेती हा शब्द बनला, फारसीतून तो दख्खनमध्ये आला आणि मराठीत जिराईत झाला. इथे येताना त्याचा अर्थ आक्रसला. पावसावर अवलंबून असलेली, बागाईत नसलेली, कमी साऱ्याची जमीन म्हणजे जिराईत. तीन हजार वर्षांपूर्वी पेरणीचे काम दाखवणारा धातू आज मुरूमच्या कागदपत्रांत जमिनीची प्रतवारी दाखवतो. 'महसूल'चेही तसेच. अरबी बोलणाऱ्या देशांत आजही महसूल म्हणजे शेतात आलेले पीक; आपल्याकडे तो सरकारचा कर आणि सरकारचे खाते झाला. 'रयत' या शब्दाची हकीकत तर याहून बोलकी आहे. अरबी 'रईयत' म्हणजे प्रजा, आणि तिचा धातू आहे गुरे राखण्याचा. त्याच धातूपासून अरबीत मेंढपाळाला 'राई' म्हणतात आणि हिब्रूत 'रोए'. राजा हा राखणदार आणि प्रजा हा त्याचा कळप, ही पश्चिम आशियातली जुनी राजकीय कल्पना त्या शब्दात साठलेली आहे. उद्या मराठवाड्याचे सारे लेख नष्ट झाले आणि फक्त हा एक शब्द उरला, तर एखादा अभ्यासक त्यावरून इथले लोक मेंढरे राखून जगत होते असा निष्कर्ष काढू शकेल. तो सपशेल चुकलेला असेल. नांगर धरणाऱ्या माणसाला हा शब्द राज्यकर्त्याने लावला. त्यात राज्यकर्त्याची नजर आहे, नांगरणाऱ्याचा धंदा नाही.

कचेरीच्या या भाषेने कालगणनेतही मुळे धरली होती. मराठी कागदपत्रांत शतकानुशतके वापरलेला शुहूर सन चौदाव्या शतकाच्या मध्याला, मुहम्मद तुघलकाच्या काळात, सुरू झाला असे मानतात. त्याचे आकडे अरबी शब्दांत लिहिले जात. इसन्ने, सलास, अर्बा, खमस, मया, अलफ असे शब्द पेशवाईच्या दफ्तरापर्यंत टिकले. मात्र हे वर्ष सुरू होई सूर्य मृग नक्षत्रात गेल्यावर, म्हणून त्याला मृगसाल असेही नाव होते. चांद्र वर्ष ऋतूंतून सरकत राहते आणि पिकांवर कर बसवणाऱ्याला ते चालत नाही; म्हणून आकड्यांची भाषा अरबी ठेवून वर्षाचा आरंभ शेतकऱ्याच्या नक्षत्राला बांधला गेला. 'फसल' या अरबी शब्दावरून ओळखला जाणारा फसली सन हैदराबाद संस्थानात शेवटपर्यंत सरकारी सन होता. या सगळ्यात एक व्यक्ती माझ्या मुद्द्याला फार महत्त्वाची आहे. मलिक अंबर हा इथिओपियात 1548 च्या सुमारास जन्मला. तो ओरोमो समाजातला होता असे अनेक इतिहासकार मानतात. गुलाम म्हणून विकला जात तो अरबस्तान आणि बगदादमार्गे दख्खनमध्ये आला. 1600 मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती पडल्यावर त्याने दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या परंड्याच्या किल्ल्यात गादीवर बसवले आणि 1626 मध्ये मृत्यू येईपर्यंत निजामशाही सांभाळली. त्याची जमीनमहसुलाची व्यवस्था पुढेही नावाजली गेली. ज्वारी आणि नाचणी ज्या प्रदेशातून आल्या, त्याच प्रदेशातला हा माणूस ज्वारीच्याच मुलखावर धारा ठरवत होता. तरीही मराठीत ओरोमो किंवा अम्हारिक भाषेतला शेतीचा शब्द उतरला नाही. त्याच्या दफ्तराची भाषा अरबी-फारसी होती आणि तीच गावोगाव झिरपली. माणूस कोणत्या देशाचा, यापेक्षा तो कोणत्या व्यवहारासाठी कोणती भाषा वापरतो, यावर शब्दांचे भवितव्य ठरते.

कोणी म्हणेल की हे विभाजन जरा जास्तच नीटनेटके आहे. 'मशागत' हा शब्द तर शेतकऱ्याच्या तोंडी आहे आणि तो अरबी 'मशक्कत' म्हणजे कष्ट यावरून आला आहे. आक्षेप खरा आहे आणि त्याने मुद्द्याला धारच येते. मशागत हे सगळ्या कामांचे एकत्र नाव आहे. त्या नावाखाली येणारी कामे एकेक करून मोजली, तर नांगरणी, मोगडणी, कुळवणी, पेरणी, कोळपणी, खुरपणी, काढणी, मळणी हीच यादी पुन्हा मिळते. खर्च मांडताना, मजुरी ठरवताना, जमीन वाट्याने देताना एकत्र नावाची गरज भासते. बैलाच्या मागे चालताना नेमक्या कामाचे नाव लागते. या नेमक्या कामांच्या थरात दुसऱ्या भाषेचे शब्द आहेतच, पण ते शेजाऱ्याच्या भाषेचे आहेत. 'सुगी' हा कन्नड 'सुग्गी'चा भाऊ. 'कुळव' याचे नाते कन्नडमधल्या 'कुळ' म्हणजे फाळ या शब्दाशी जोडतात. दक्षिण महाराष्ट्रात पेरणीच्या अवजाराला 'कुरी' म्हणतात आणि कन्नडमध्ये 'कूरिगे'. बेनितुरा नदीच्या नावातही कन्नड 'तोरे', म्हणजे ओढा, ऐकू येतो. मार्गशीर्ष अमावास्येला धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांत घरोघरची माणसे शेतात जाऊन जी येळवस साजरी करतात, तिचे नाव कन्नड 'एळ्ळ अमावास्ये', म्हणजे तिळाची अमावास्या, यावरून आले. आणि 'नांगर'? तो ऋग्वेदातल्या 'लांगल'चा वंशज, पण लांगल हा शब्दच मुळात आर्य भाषांतला नसून ऑस्ट्रोआशियाई भाषांतून आला असावा, असे अनेक विद्वानांचे मत आहे. भाषाशास्त्रज्ञ कॉलिन मॅसिका यांनी 1979 मध्ये हिंदीतल्या शेतीच्या शब्दांची छाननी केली, तेव्हा जवळपास तिसरा हिस्सा शब्दांचे मूळ कोणत्याच ज्ञात भाषाकुळात सापडेना. शेताच्या कामातले शब्द शेजारी काम करणाऱ्यांकडून येतात आणि इतके खोल रुजतात, की मूळ देणारी भाषा नाहीशी झाली तरी शब्द राहतात.

तरीही एक मोठा आक्षेप उरतो. मुरूमचे उदाहरण सुलतानी राजवटींच्या, दफ्तरांच्या काळातले आहे. जिथे राज्य नाही, लेखन नाही, कर नाही, अशा प्राचीन समाजाला ते कसे लावायचे? याचे उत्तर ज्वारीकडेच आहे. ती आली तेव्हा दख्खनमध्ये ना कचेरी होती ना दफ्तर, तरीही पीक आणि नाव यांची फारकत झालीच. गव्हाचे उदाहरण याच्या समोर ठेवता येते. गहू पश्चिम आशियातला, आणि संस्कृत 'गोधूम', फारसी 'गंदुम', अरबी 'हिंता' या शब्दांत एखादा समान जुना स्रोत असावा, असे काही अभ्यासकांना वाटते. तो शब्द ऐकून भारतीयांनी गाय आणि धूर असा आपल्या कानाला पटेल असा अर्थ त्यात बसवला असावा. गहू इराणच्या पठारावरून गावोगाव, शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे सरकत आला, म्हणून नावही सोबत आले, असे याचे स्पष्टीकरण देता येते. उलट दिशेची उदाहरणेही आहेत. संस्कृत 'कर्पास' हिब्रूत 'कर्पस' होऊन बायबलमधल्या एस्तेरच्या ग्रंथात पोचला, कारण कापसाचे कापड विकले जात होते आणि व्यापारी मालाला नाव चिकटून राहते. कापडाचा हा व्यापार पुढेही चालू होता. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे अदुलिस बंदर आणि आपल्या धाराशिव जिल्ह्यातले तेर, म्हणजे तगर, या दोघांचीही नोंद आहे. तगरहून कापड भडोचला जाई आणि तिथून समुद्रमार्गे पश्चिमेला.

येळवशीतल्या तिळाची गोष्ट इथे थोडी थांबून पाहावी अशी आहे. तीळ भारतात माणसाळवला गेला याला चांगले पुरावे आहेत. हडप्पाला चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे जळालेले तीळ मिळाले. मेसोपोटेमियाच्या अक्कादी भाषेत तिळाच्या एका तेलाला 'एल्लू' म्हणत आणि कन्नडमध्ये तिळाला 'एळ्ळु' म्हणतात. सिंधू खोऱ्याचा मेसोपोटेमियाशी व्यापार होताच, तेव्हा हा शब्द इथून तिकडे गेला असावा, असे काही संशोधकांनी सुचवले. कल्पना मोहक आहे. पण अक्कादीत 'एल्लू'चा सरळ अर्थ 'शुद्ध' असाही आहे, म्हणजे शुद्ध तेल एवढेच त्या नावाने सांगायचे असू शकते. 'धुरा'ला लावलेली कसोटी 'एल्लू'लाही लावली पाहिजे. आपल्या शेजारच्या भाषेचा गौरव होतो म्हणून ती सैल करता येणार नाही. एकट्या शब्दाचे साम्य इथेही पुरेसे नाही. तीळ भारतातून पश्चिमेला गेला हे सांगायला दाणे पुरतात, आणि नावाचा प्रश्न खुला ठेवणेच योग्य.

आता ज्या वादाकडे हे सगळे येऊन पोचते, त्याकडे वळू. सेमिटिक, प्राचीन इजिप्शियन, बर्बर, कुशिटिक, चाडिक अशा शाखा मिळून आफ्रो-आशियाई कुळात तीनशेहून अधिक भाषा आहेत. हे कुळ मुळात कुठले? 2003 मध्ये जेरेड डायमंड आणि पीटर बेलवुड या अभ्यासकांनी असा सिद्धांत मांडला, की जगातली मोठी भाषाकुळे शेतीबरोबर पसरली; शेतकऱ्यांची संख्या वाढली आणि त्यांची भाषा पुढे सरकली. रशियन भाषाशास्त्रज्ञ अलेक्झांडर मिलितारेव यांनी आफ्रो-आशियाई मूळभाषेत शेतीचे आणि पशुपालनाचे अनेक शब्द पुनर्रचित करून दाखवले आणि ती भाषा बोलणारे पश्चिम आशियातले पहिले शेतकरी असावेत असे म्हटले. 2004 मध्ये ख्रिस्तोफर एरेट, शोमार्का किता आणि पॉल न्यूमन या अभ्यासकांनी याला उत्तर दिले. कुळाच्या बहुतेक शाखा आफ्रिकेत आहेत, सेमिटिक ही त्यांतली एकच शाखा आशियात पसरली, आणि मूळभाषेत रानटी धान्य गोळा करण्याचे शब्द मिळतात पण शेतीचे ठाम शब्द मिळत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. मुरूमच्या शिवारातून पाहिले, तर मला दुसऱ्या बाजूचे पारडे जड वाटते आणि त्याचे कारण पुराव्याच्या जातीत आहे. धान्याचे नाव, विळ्याचे नाव, कापणीचे क्रियापद यांवरून शेती सिद्ध होत नाही. पॅलेस्टाइन आणि आसपासचे नातूफियन लोक शेती सुरू होण्याआधीपासून रानटी धान्य विळ्यांनी कापत होते. त्यांच्या भाषेत विळा आणि कापणी दोन्ही शब्द असणारच. अर्थही सरकतात. एकाच सेमिटिक धातूपासून हिब्रूत 'लेहेम' म्हणजे भाकर आणि अरबीत 'लहम' म्हणजे मांस. ज्याचे जे मुख्य अन्न, तो अर्थ उरला.

मग शब्दांवरून प्राचीन शेतीचा शोध घेणे व्यर्थच म्हणायचे का? तसे मुळीच नाही. कोणत्या शब्दांना साक्षीदार म्हणून उभे करायचे, हे ठरवले पाहिजे, आणि त्याचा निकष मुरूमचेच शिवार देते. पिकाचे नाव बदलते, हंगामाचे नाव सरकारकडून येते, शेतकऱ्याला म्हणायचे नावही वरून येते. टिकतो तो कामांचा संच. एका भाषाकुळातल्या दूरदूरच्या शाखांत नांगरणे, पेरणे, मळणे, दळणे ही क्रियापदे एकत्र मिळाली, नियमित ध्वनिबदलांनी जुळली आणि त्यांचा अर्थ शेतीशिवाय दुसरा लागत नसला, तर त्या मूळ समाजात शेती होती असे म्हणायला आधार मिळतो. सेमिटिक शाखेत असा आधार आहे. नांगरण्याचा ह-र-थ हा धातू अरबीत 'हरथ', हिब्रूत 'हारश', अक्कादीत 'एरेशू' असा मिळतो, आणि अम्हारिकमध्ये नांगराला म्हणतात तो 'मारेशा' याच घराण्यातला. पेरण्याचा ज-र-अ आपण पाहिलाच. सेमिटिक मूळभाषा सुमारे पावणेसहा हजार वर्षांपूर्वीची असावी असा 2009 च्या एका गणिती अभ्यासाचा अंदाज आहे, आणि तेव्हा पश्चिम आशियात शेती जुनी झालेली होती. गंमत अशी, की त्याच अक्कादी भाषेत नांगराचे नाव 'एपिन्नू' आणि नांगऱ्याचे नाव 'इक्कारू' हे दोन्ही शब्द मेसोपोटेमियातल्याच सुमेरी भाषेतून उसने घेतलेले आहेत. सुमेरच्या मंदिरांचे आणि राजवाड्यांचे हिशेब मातीच्या पाट्यांवर ठेवले जात, आणि हिशेबात माणसाची व अवजारांची नोंद होई. क्रियापद घरचे, धंद्याचे नाव दफ्तराचे. मुरूममध्ये 'नांगरणे' घरचे आणि 'रयत' दफ्तरातली, ही फाळणी चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी इराकच्या मैदानातही झालेली होती. मात्र सेमिटिक, कुशिटिक आणि चाडिक या तिन्ही शाखांत असा कामांचा संच नियमाने जुळलेला आणि सर्वांना मान्य झालेला नाही. तो मिळेपर्यंत आफ्रो-आशियाई मूळभाषा बोलणारे शेतकरी होते असे म्हणता येत नाही.

शब्दांचा प्रवास आजही थांबलेला नाही आणि त्याची दिशाही एकच नाही. 'मुरूम' हा कुजलेल्या काळ्या कातळाचा मराठी शब्द इंग्रज अंमलातल्या रस्ते बांधणाऱ्यांनी उचलला. आज केनिया आणि युगांडात कच्च्या रस्त्यावर घालायच्या तांबड्या खडीला 'मुरम' म्हणतात, आणि तो बहुधा इथलाच शब्द आहे. ज्वारी देणाऱ्या खंडाला आपला शब्द मिळाला, तोही शेतातून न जाता बांधकामाच्या कामावरून. मुरूमच्या शिवारात खरिपात आता सोयाबीन मोठ्या प्रमाणावर पेरले जाते. त्याचे नाव जपानी 'शोयू'वरून डच आणि इंग्रजी व्यापारातून फिरत आले, आणि ते बाजारासोबत आले म्हणून जसेच्या तसे टिकले. पण या बदलाबरोबर दुसराही एक बदल होतो आहे. ट्रॅक्टर आणि पेरणीयंत्र आल्यावर तिफण, चाडे, मोगडणी, कोळपणी, उफणणी हे शब्द वापरातून जात आहेत, आणि नेमके हेच शब्द कोणत्याही दफ्तरात नीट लिहून ठेवलेले नाहीत. सातबाऱ्यावर जिराईत आणि खरीप कायम राहतील, कारण त्यांना कागदाचा आधार आहे. कामांचे शब्द फक्त काम करणाऱ्यांच्या तोंडी होते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 मध्ये 'गावगाडा' लिहून गावच्या व्यवहाराची भाषा पुष्कळशी वाचवली. मराठी-कन्नड सीमेवरच्या शेतीकामाच्या भाषेसाठी तसे काम तालुक्या-तालुक्यात व्हायला हवे, आणि ते दोन्ही भाषा जाणणाऱ्या इथल्याच माणसांनी करायला हवे. शेतीचा इतिहास सांगणारे सर्वांत भरवशाचे साक्षीदार हे शब्द आहेत, आणि ते जाणणारी पिढी अजून हयात आहे.